रक्ताचे ऋण

विळीवर नारळ खवताना बोटाला जरासे लागले, तर आपण ते बोट क्षणभर दाबून धरतो, पाण्याखाली धुतो आणि पुन्हा कामाला लागतो. रक्त थांबेल की नाही, हा प्रश्न आपल्या मनाला शिवतही नाही. परंतु ज्यांच्या बाबतीत हा प्रश्न जन्मापासून अखेरपर्यंत सुटत नाही, अशीही माणसे आपल्यात आहेत. हिमोफिलिया हे त्यांच्या व्याधीचे नाव. दरवर्षी १७ एप्रिल रोजी त्यांच्यासाठी जागतिक दिन पाळला जातो, चार भाषणे होतात, आणि दुसऱ्या दिवशी तो विषय बासनात गुंडाळून ठेवला जातो. या व्याधीसंबंधी गेल्या शंभर वर्षांत झालेले संशोधन मानवी बुद्धीला भूषणावह आहे, याविषयी दुमत नाही. आम्हांस आज सांगावयाचे आहे ते थोडे वेगळे. हे संशोधन रुग्णांच्या रक्तावर उभे राहिले आहे, आणि त्या रक्ताचे ऋण समाजाने व सरकारांनी अद्याप पुरते फेडलेले नाही.

रक्त गोठते म्हणजे नेमके काय होते? रक्तात विरघळलेली अनेक प्रथिने एकामागून एक जागी होतात. पहिले दुसऱ्याला चेतविते, दुसरे तिसऱ्याला. आणि अखेरीस फायब्रिन नावाच्या तंतूंचे जाळे विणले जाऊन जखमेचे तोंड बंद होते. १९६४ साली ऑक्सफर्डचे आर. जी. मॅकफार्लेन यांनी आणि अमेरिकेत डेव्ही व रॅटनॉफ या दोघांनी ही साखळी स्वतंत्रपणे मांडली, तेव्हा दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांना धबधब्याचीच उपमा सुचली. पावसाळ्यातील दूधसागर पाहिलेल्या गोमंतकीयाला ती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. वरचा एक टप्पा कोरडा पडला, तर खाली पाणी पोहोचणार कसे? आठवा घटक जन्मतः कमी असला की हिमोफिलिया ए, नववा कमी असला की हिमोफिलिया बी. अशा रुग्णाचे रक्त इतरांहून अधिक वेगाने वाहते, असा एक समज आहे. तो खरा नाही. वेग तोच असतो. पण रक्त थांबत नाही. आणि खरा घात बाहेरच्या जखमेने होत नाही. रक्त गुडघ्यात, घोट्यात, कोपरात आतल्या आत झिरपते, सांधा सुजतो, वेदनेने मूल रात्र रात्र तळमळते, आणि असे वारंवार घडले की ऐन तारुण्यात सांधे निकामी होतात. मेंदूत रक्तस्राव झाला, तर प्राणावर बेतते.

या कोड्याची उकल कशी झाली, ते पाहण्यासारखे आहे. १९३७ साली बोस्टनमध्ये पाटेक आणि टेलर यांनी दाखविले, की निरोगी माणसाच्या रक्तद्रवात असा एक पदार्थ आहे, जो हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्त गोठवू शकतो. १९४७ मध्ये अर्जेंटिनातील पाव्लोव्स्की यांना आढळले, की दोन हिमोफिलियाग्रस्तांचे रक्त एकत्र केले असता ते कधी कधी व्यवस्थित गोठते. म्हणजे एकाच्या रक्तात नसलेले दुसऱ्याच्या रक्तात होते, आणि व्याधी एक नसून दोन होत्या. १९५२ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी ही दुसरी व्याधी निश्चित केली आणि स्टीफन ख्रिसमस या पाच वर्षांच्या रुग्णाचे नाव तिला दिले. १९६४ मध्ये अमेरिकेतील ज्युडिथ पूल या विदुषीच्या ध्यानात आले, की गोठविलेला रक्तद्रव सावकाश वितळू दिला, की तळाशी उरणाऱ्या साक्यात आठवा घटक भरपूर असतो. साध्या रक्तपेढीतही करता येईल, अशी ही युक्ती होती. या प्रत्येक पायरीवर कोणा रुग्णाने आपला हात पुढे केला, आपल्या शिरेतून रक्त काढू दिले, कित्येकदा स्वतःला त्याचा उपयोग होणार नाही, हे जाणूनही दिले. शास्त्रज्ञांची नावे ग्रंथांत आहेत, आणि ती असावयासही हवीत. रुग्णांपैकी बहुतेकांची नावे कोठेच नाहीत.

यानंतरचा अध्याय काळा आहे. १९७०च्या दशकात हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून त्यातून घटकांची भुकटी बनू लागली. रुग्ण ती घरी ठेवी, पाण्यात मिसळून स्वतःच टोचून घेई. शाळा, नोकरी, प्रवास या गोष्टी त्याला प्रथमच शक्य झाल्या. परंतु हा रक्तद्रव पुष्कळदा पैसे देऊन गोळा केलेला असे. अमेरिकेत तो तुरुंगांतील कैद्यांकडूनही घेतला गेला. हजारांतील एकाचे रक्त दूषित असले, तरी सारा घाणा दूषित होई. जुलै १९८२ मध्ये अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने तीन हिमोफिलियाग्रस्तांना झालेल्या एका विलक्षण न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध केली, आणि एड्सची छाया या समाजावर पडली. जे औषध जीवन देत होते, त्यातूनच मृत्यू आला. अमेरिकेतील हिमोफिलियाग्रस्तांपैकी सुमारे निम्म्यांना एच.आय.व्ही.ची लागण झाली. ज्याच्या नावाने दुसऱ्या प्रकारची हिमोफिलिया ओळखली जाते, तो स्टीफन ख्रिसमस १९९३ मध्ये याच मार्गाने आलेल्या एड्सने मरण पावला. जागतिक हिमोफिलिया महासंघ १९६३ साली स्थापन करणारे आणि स्वतः ही व्याधी भोगणारे फ्रँक श्नाबेल १९८७ मध्ये तसेच गेले. ज्या १७ एप्रिलचा उल्लेख आम्ही वर केला, तो त्यांचा जन्मदिवस.

हा निव्वळ दैवाचा फेरा होता, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. फ्रान्समध्ये धोका कळूनही जुना साठा वापरात ठेवल्याबद्दल रक्तसंक्रमण विभागाच्या प्रमुखाला १९९२ मध्ये शिक्षा झाली. जपानमध्ये १९९६ साली तत्कालीन आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी रुग्णांची क्षमा मागितली. ब्रिटनने मात्र चौकशीसाठी दशकानुदशके वाट पाहावयास लावली. सर ब्रायन लँगस्टाफ यांचा अहवाल अखेर २० मे २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. दूषित रक्ताने व रक्तजन्य औषधांनी तेथे ३०,००० हून अधिक लोकांना लागण झाली आणि सुमारे ३,००० जण मृत्युमुखी पडले. रक्तस्रावाच्या व्याधी असलेल्या सुमारे १,२५० जणांना एच.आय.व्ही.ची बाधा झाली. त्यांत ३८० मुले होती. एका निवासी शाळेतील हिमोफिलियाग्रस्त विद्यार्थ्यांवर तर त्यांच्या वा आईबापांच्या संमतीवाचून प्रयोग झाले, असे या अहवालाने नमूद केले आहे. ही आपत्ती टाळता आली असती, असा न्यायमूर्तींचा स्वच्छ निष्कर्ष आहे. ज्ञानाची भूक आणि नफ्याची भूक यांना माणुसकीचा लगाम नसला, तर काय घडते, याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

आपण या साऱ्यापासून दूर होतो, असेही कोणी समजू नये. एड्सच्या भीतीने गोव्याने १९८७ मध्ये आपल्या आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून बाधित व्यक्तीला सक्तीने अलग ठेवण्याची तरतूद केली. १९८९ मध्ये पर्रा गावच्या डॉमनिक डिसोझा या तरुणावर ती चालविली गेली. तो नियमित रक्तदान करीत असे, आणि त्या दानातूनच त्याला बाधा असल्याचे उघडकीस आले. कोणताही गुन्हा नसताना त्याला क्षयरोग्यांच्या एका जुन्या इस्पितळात ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. ती सक्ती पुढे शिथिल करावी लागली. डॉमनिक १९९२ मध्ये गेला. ज्याने परक्याचा जीव वाचावा म्हणून रक्त दिले, त्याला आपण दिलेली ही परतफेड होती! रक्ताच्या ऋणाचा हिशेब मांडताना गोमंतकीयांनी आपली ही ओळ गाळू नये.

सुदैवाने संशोधन तेथेच थांबले नाही. १९८४ मध्ये आठव्या घटकाचे जनुक हाती आले, आणि १९९२ पासून मानवी रक्तावाचून, प्रयोगशाळेतील पेशींकडून बनवून घेतलेला घटक बाजारात उपलब्ध झाला. २०१७ मध्ये एमिसिझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. आठव्या घटकाचे काम हे औषध त्याच्या जागी उभे राहून करते. ते शिरेत टोचावे लागत नाही, कातडीखाली आठवड्याने, पंधरवड्याने वा महिन्यानेही देता येते. तान्ह्या मुलाची शीर शोधताना ज्या मातेचा जीव कासावीस झाला आहे, तिलाच या सोयीचे मोल कळेल. आणि २०११ मध्ये लंडनच्या संशोधकांनी सहा रुग्णांच्या यकृतात नवव्या घटकाचे निर्दोष जनुक पोहोचवून जनुकोपचाराची वाट खुली केली. मूळ दोषच दुरुस्त करण्याच्या जवळ विज्ञान आले आहे.

परंतु येथेच ऋणाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या अशा एका जनुकोपचाराची किंमत एका रुग्णामागे ३५ लाख डॉलर ठेवण्यात आली. २०२४ मध्ये मान्यता मिळालेला दुसरा एक उपचार पुरेशी मागणी नाही, असे कारण देऊन कंपनीने २०२५ मध्ये बंदच करून टाकला. ज्यांच्या पूर्वसूरींनी रक्त देऊन हे ज्ञान घडविले, त्यांनाच ते दुकानाच्या काचेआडून पाहावे लागणार असेल, तर त्या ज्ञानाला काय म्हणावे? या अंधारात वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने लावलेली पणती आम्हांस महत्त्वाची वाटते. तेथील डॉ. आलोक श्रीवास्तव व त्यांच्या सहकाऱ्यांनी, अमेरिकेतील एमोरी विद्यापीठाच्या साहाय्याने, पाच रुग्णांच्या स्वतःच्या मूलपेशींत आठव्या घटकाचे जनुक घालून त्या परत दिल्या. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाचही जणांचा मिळून ८१ महिन्यांचा काळ लोटला तरी एकालाही हिमोफिलियाचा रक्तस्राव झाला नाही. उपचार अवघड आहे, त्याआधी कडक औषधे सोसावी लागतात, आणि रुग्णसंख्या थोडी आहे. तरीही जे संशोधन आपल्या भूमीत होते, त्याची किंमत ठरविण्यात आपल्याला काही आवाज राहतो, हा त्यातील धडा आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. जगातील अभ्यासांनुसार दर एक लाख पुरुषांमागे सुमारे २१ जणांना कमीअधिक तीव्रतेची हिमोफिलिया असते. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात सुमारे ७ लाख ३९ हजार पुरुष होते. त्रैराशिक मांडले, तर आपल्या या चिमुकल्या राज्यातही दीडशेच्या आसपास हिमोफिलियाग्रस्त असावयास हवेत. साऱ्या भारतात त्यांची संख्या लाखाच्या पलीकडे जाते, परंतु त्यांपैकी नोंद झालेले मोजकेच. पाचात एकाच्या आसपास. मग उरलेले चार कोठे आहेत? सत्तरीच्या एखाद्या वाड्यावर, काणकोणच्या डोंगरउतारावर, पेडण्याच्या एखाद्या घरात, आपल्या गुडघ्याला काय झाले आहे, हे न कळता ते लंगडत असतील; किंवा दात काढल्यानंतर, साध्या अपघातानंतर, व्याधीचे नावही न कळता ते गेलेही असतील.

निदान तरी इतके अवघड आहे काय? मूल रांगू लागले की गुडघ्यांवर व पोटरीवर निळे डाग उमटतात, लस टोचल्या जागी गाठ येते, कर्णवेधाच्या दिवशी टोचलेला कान दुसऱ्या दिवशीही पाझरत राहतो. ही सारी लक्षणे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या नजरेतून सुटत नाहीत. सुटतो तो त्यांचा अर्थ. मग कोणी बाधा झाली म्हणते, कोणी नजर लागली म्हणते. देवाला कौल लावावयास आमची हरकत नाही. परंतु कौल लावण्यापूर्वी मुलाचे रक्त तपासून घ्यावे, एवढेच आमचे नम्र सांगणे आहे. रक्त गोठण्याचा वेळ मोजणारी प्राथमिक चाचणी साधी व स्वस्त आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था या विषयावर दीर्घकाळ काम करीत आहे, आणि गर्भावस्थेतील निदानाची सोयही तेथे आहे. सुजलेला सांधा तेलाने चोळणे, वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिन देणे, दंडात वा कमरेत इंजेक्शन टोचणे, या गोष्टी हिमोफिलियात घातक ठरतात. हे प्रत्येक अंगणवाडीत, प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक आरोग्य केंद्रात ठाऊक असावयास नको काय?

याहूनही मोठा अडसर लाजेचा आहे. ही व्याधी मातेकडून मुलाकडे येते, एवढे अर्धवट ज्ञान आमच्या घरांत पोहोचले आहे, आणि त्याने सुनेचे आयुष्य नासविले आहे. शास्त्र काय सांगते? सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून व्याधी मुलग्यांत प्रकटते, हे खरे. परंतु सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी ती कोणालाच नसते. तो बदल नव्यानेच झालेला असतो. राणी व्हिक्टोरियाच्या वंशातून ही व्याधी युरोपच्या राजघराण्यांत पसरली, रशियाच्या युवराजापर्यंत गेली. तो नववा घटक कमी असण्याचा प्रकार होता, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. साम्राज्ञीला जे चुकले नाही, त्याचा दोष एखाद्या गरीब सुनेच्या माथी मारणे हा अधर्म आहे. शिवाय स्त्रियांना रक्तस्रावाच्या व्याधी होत नाहीत, हाही भ्रमच. १९२६ मध्ये फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड यांनी ऑलंड बेटांवरील एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलीपासून त्यांचा शोध सुरू झाला, तिच्या बहिणी लहान वयातच रक्तस्रावाने दगावल्या होत्या. ती स्वतः तेराव्या वर्षी, चौथ्या मासिक पाळीत मरण पावली. फॉन विलेब्रांडची व्याधी ही अनुवंशिक रक्तस्रावाच्या विकारांत सर्वांत अधिक आढळते. पाळीत अतोनात रक्त जाणाऱ्या आपल्या किती मुली आजही ‘बायकांचे असेच असते’ या एका वाक्याखाली गप्प केल्या जात असतील, याचा विचार सुबुद्ध वाचकांनी करावा.

सरकारकडून आमच्या अपेक्षा अवास्तव नाहीत. पहिली, राज्यातील रक्तस्रावाच्या रुग्णांची शोधून काढून केलेली नोंदवही. दुसरी, घटकाचा साठा केवळ बांबोळीच्या भरवशावर न ठेवता म्हापसा, मडगाव, फोंडा, काणकोण अशा ठिकाणी रात्री-अपरात्रीही मिळण्याची निश्चिती. कारण मेंदूत रक्त झिरपत असताना घाटातला वा खाडीपलीकडचा तासाभराचा रस्ता फार लांब असतो. तिसरी, रक्तस्राव झाल्यावर धावाधाव करण्याऐवजी तो होऊच नये म्हणून नियमित घटक देणे. २०२० मध्ये जागतिक महासंघाने याच पद्धतीचा पुरस्कार केला आहे, आणि पाश्चात्त्य देशांत देतात त्याहून बरीच कमी मात्रा नियमित दिली तरी रक्तस्राव पुष्कळ घटतात, हे आपल्या देशातील तज्ज्ञांनीही दाखविले आहे. केरळ राज्याने आपल्या ‘आशाधारा’ योजनेतून या रुग्णांना हात दिला, आणि २०२४ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना एमिसिझुमॅब देण्याचे ठरविले. जे तेथे होते, ते येथे का होऊ नये? चौथी अपेक्षा केंद्राकडून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलियाला अपंगत्व म्हणून मान्यता दिली, हे स्तुत्य आहे. परंतु सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांच्या प्रवर्गांत रक्तविकारांचा उल्लेख नाही. ज्याचे अपंगत्व मान्य, त्याला काम मात्र नाही, हा न्याय कोणत्या तराजूत बसतो?

दीडशे माणसांसाठी एवढा खर्च कशाला, असे म्हणणारा कोणी भेटेलच. त्याला दोन उत्तरे आहेत. एक व्यवहाराचे : वेळेवर घटक मिळालेला मुलगा शिकतो, कमावतो, घर चालवितो, न मिळालेला पंचविशीत खुर्चीला खिळतो, आणि त्याच्यासोबत त्याची आईही घरात अडकते. या दोन जीवनांच्या जमाखर्चाची बेरीज ज्याने केली, तो औषधाच्या किमतीला महाग म्हणणार नाही. दुसरे उत्तर ऋणाचे. हिमोफिलियाग्रस्तांच्या रक्तातून जे ज्ञान मिळाले, ते त्यांच्यापुरते राहिलेले नाही. हृदयविकारात व पक्षाघातात देण्यात येणारी रक्त पातळ ठेवणारी औषधे, शस्त्रक्रियेपूर्वीच्या रक्ताच्या चाचण्या, प्रत्येक रक्तपेढीत होणारी कसून तपासणी, या साऱ्यांमागे त्या धबधब्याच्या अभ्यासाचा आणि त्या दूषित औषधांच्या कटू धड्याचा वाटा आहे. आपल्यापैकी ज्या कोणाला इस्पितळात निर्धोक रक्ताची बाटली मिळाली, तो प्रत्येकजण या रुग्णांचा ऋणी आहे.

आपल्या संस्कृतीत ऋण ही पवित्र कल्पना मानली आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण फेडल्यावाचून माणूस मोकळा होत नाही, असे आपण मुलांना शिकवितो. रक्ताचे हे ऋण त्या यादीत लिहिलेले नसेल. म्हणून ते चुकते करू नये, असे नाही. ते फेडण्याचा मार्गही दूरचा नाही. सुदृढ माणसाने जवळच्या रक्तपेढीत जाऊन रक्त द्यावे, डॉक्टराने निळ्या डागाकडे दुर्लक्ष करू नये, घरच्यांनी सुनेला बोल लावू नये. आणि सरकारने पुढच्या १७ एप्रिलला भाषण करण्याऐवजी, राज्यात किती रुग्ण शोधले आणि किती मुलांना नियमित घटक मिळू लागला, एवढे दोनच आकडे जनतेपुढे ठेवावेत. त्या आकड्यांची आम्ही वाट पाहू.